मालिकांचा मुलूख

सायंकाळचे सात वाजून गेले, देवापाशी दिवा लागला आणि घरातील लहानथोर मंडळी दूरचित्रवाणीसमोर येऊन बसली, म्हणजे तिच्या पडद्यावर जो एक महाराष्ट्र उलगडू लागतो, त्याचा नकाशा भूमिअभिलेख खात्याच्या कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही. या महाराष्ट्रात कोकण आहे, कोल्हापूर आहे, सातारा आहे, नागपूर आहे. गावांची नावे परिचयाची, माणसांची आडनावे आपल्याच आप्तेष्टांतील, देवळांचे कळस आणि नद्यांचे घाट तर बहुधा खरेखुरेच. आणि असे असूनही, ज्याचा जन्म त्या मुलुखात गेला असा मनुष्य हा पडदा पाहता पाहता ‘हे काही आमचे गाव नव्हे’ असे म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशीचा भाग पाहावयास पुन्हा वेळेवर हजर राहतो.

त्याची तक्रार नेमकी कशाविषयी आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण कथेत गाव कल्पिले म्हणून कोणी शहाणा मनुष्य लेखकावर रुष्ट होत नाही. आर. के. नारायण यांचे मालगुडी भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात नाही. शंकर नाग यांनी १९८०च्या दशकात त्यावर मालिका केली तेव्हा कर्नाटकातील आगुंबे या पावसाळी गावास मालगुडीचे रूप दिले, आणि आगुंब्याच्या लोकांना त्यात आपली बदनामी झाली असे वाटण्याचे काही कारणच नव्हते, कारण जे कोठेच नाही त्याचे विकृत चित्र काढणार तरी कसे? वाद उपस्थित होतो तो खऱ्या गावाचे, खऱ्या जिल्ह्याचे, खऱ्या बोलीचे नाव घेऊन कथा सांगितली जाते तेव्हा. आणि तेथेही मालिकावाल्यांचा अपराध असत्यकथनाचा क्वचितच असतो. तो बहुधा नेमणुकीचा असतो. हुजुरातून हुकूम सुटावा आणि ज्या त्या महालास ज्याचे त्याचे काम मुक्रर होऊन जावे, त्याप्रमाणे मुंबईतील वाहिन्यांच्या कचेऱ्यांतून कोकणास भुते, कोल्हापुरास पैलवान, साताऱ्यास फौजी, विदर्भास भोळ्या गृहिणी, पुण्यास खोचक सासवा आणि मुंबईस परक्यांचे नवरे नादी लावणाऱ्या तरुणी नेमून देण्यात आल्या आहेत, आणि एकदा नेमणूक झाली की त्या मुलुखास दुसरे काही करण्याची सवड उरत नाही.

कोकणाचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. सावंतवाडी आणि कुडाळ यांच्या दरम्यान असलेल्या आकेरी गावातील एका जुन्या वाड्यात तिचे चित्रीकरण झाले. नाईकांच्या घराण्यातील कर्ता पुरुष अण्णा मरण पावतो, मुंबईस व अन्यत्र गेलेली मुले सहकुटुंब घरी येतात, आणि त्या घरात अतर्क्य प्रकार घडू लागतात, हे तिचे मूळ सूत्र. मालिका विलक्षण लोकप्रिय झाली. पुढे तिची आणखी दोन पर्वे निघाली, आणि मेलेल्या अण्णांना व त्यांची प्रेयसी शेवंता हिला तर मागल्या काळात जाऊन पुन्हा जिवंत करावे लागले. पहिल्या पर्वाच्या वेळीच खुद्द सिंधुदुर्गातून तक्रारी उठल्या, की या मालिकेने अंधश्रद्धेस खतपाणी मिळते आणि कोकण म्हणजे भुताखेतांचा प्रदेश अशी अवघ्या महाराष्ट्राची समजूत होऊन बसते. या तक्रारी पुष्कळांना हास्यास्पद वाटल्या. रहस्यकथा ही रहस्यकथा म्हणून पाहावी, तिच्यावर जिल्हा परिषदेचा ठराव कशाला, असा त्यांचा सूर होता. आणि तो सर्वस्वी चुकीचा होता असे मलाही वाटत नाही.

परंतु तक्रार करणाऱ्यांच्या मनात जे सलत होते ते त्यांना नीट मांडता आले नसावे. दक्षिण कोकणात अदृश्य शक्तींवर विश्वास आहे यात संशय नाही. आणि तो विश्वास लपविण्यासारखाही नाही. गावऱ्हाटी नावाची एक संपूर्ण व्यवस्था तेथे त्यावर उभी आहे. गावाच्या सीमेचा, बागेचा, पाणवठ्याचा राखणदार असतो. देवळात बारा-पाचाचे मानकरी असतात. अडल्यानडल्या वेळी देवाला कौल लावला जातो. आणि नारळ हाती घेऊन उभा असलेला मानकरी जेव्हा गाऱ्हाणे घालू लागतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर भोवतीची माणसे एका स्वरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या गाऱ्हाण्यात मागितलेले असते तरी काय? पाऊस वेळेवर पडावा, गुराढोरांस आराम असावा, अमक्याच्या मुलीचे लग्न जुळावे, तमक्याच्या मुलास मुंबईत नोकरी लागावी, वाट चुकलेल्यास वाटेवर आणावे. राखणदार हा भिवविणारा नव्हे, राखणारा आहे. त्याच्या नावाने वर्षाकाठी काही ठेवावयाचे आणि मग निश्चिंत झोपावयाचे, असा तो व्यवहार आहे. हे सारे जसेच्या तसे उचलून त्यातील निश्चिंतपणा तेवढा काढून टाकला, पार्श्वसंगीत घातले, आणि ज्या श्रद्धेने माणसे शतकानुशतके निर्धास्त होत आली तीच श्रद्धा धास्तीचे कारण म्हणून दाखविली, की कोकणाचे ते चित्र तयार होते. त्यातील एकेक वस्तू खरी आहे. खोटा आहे तो तिचा उपयोग.

आणि ज्या कुलूपबंद वाड्यांभोवती ही गूढता विणली जाते, त्यांचे गूढ जनगणनेच्या अहवालात केव्हाच उकललेले आहे. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती; २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. ज्या दशकात सबंध देशाची लोकसंख्या सतरा-अठरा टक्क्यांनी वाढली त्या दशकात हा जिल्हा, आणि त्याच्या शेजारचा रत्नागिरीही, माणसांनी उणा झाला. चाकरमानी मुंबईस गेला, त्याचा मुलगा विरार-डोंबिवलीस स्थायिक झाला, नातू परदेशी गेला. गणपतीचे दहा दिवस आणि शिमग्याचे चार सोडले तर चौपाखी घराच्या पडवीत कोणी बसत नाही, खळ्यात शेणसारवण होत नाही, आणि गडग्यावरचे शेवाळ काढावयास कोणाला वेळ नाही. संध्याकाळी त्या घरात दिवा लागत नाही याचे कारण तेथे भूत राहते हे नसून तेथे कोणीच राहत नाही, हे आहे. रात्री शेतकऱ्याची झोप उडते तीही खरीच. पण ती गव्यांच्या कळपामुळे, काजूच्या बागेत शिरलेल्या माकडांमुळे, आणि दोडामार्ग तालुक्यात तर २००२ पासून कर्नाटकातून उतरू लागलेल्या रानटी हत्तींमुळे. यावर मालिका काढावी इतके नाट्य त्यात आहे.

एका गोष्टीत मात्र त्या मालिकेने अचूक नेम साधला होता, आणि न्यायाने तेही नमूद केले पाहिजे. बाप गेल्यावर भाऊ एकत्र येतात ते शोकासाठी कमी आणि वाटणीसाठी अधिक, हे तिने निर्भीडपणे दाखविले. कोकणातील जमिनीचा सातबारा ज्याने हाती धरून वाचला आहे त्याला हे पटेल. गुंठा-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर वीस-पंचवीस नावांची रांग लागलेली असते. त्यांतील निम्मी माणसे निवर्तलेली, तरी वारसनोंद न झाल्यामुळे कागदोपत्री हयात. ज्यांची नोंद झाली त्यांच्या नावाला तेवढा कंस पडलेला. उरलेल्यांपैकी एक बडोद्यास, एक बेळगावास, एकीचे लग्न होऊन तिचे सासरचे नाव कोणालाच ठाऊक नाही. सर्वांची संमती मिळाल्याखेरीज खातेफोड होत नाही, खातेफोड झाल्याखेरीज घराची डागडुजी करण्यास कोणी पैसा काढीत नाही, आणि छप्पर खाली येईपर्यंत पत्रव्यवहार चालू राहतो. मेलेला मनुष्य घर सोडीत नाही ही कोकणी समजूत खरोखरीच अक्षरशः कोठे खरी ठरत असेल, तर ती तलाठ्याच्या दप्तरात. मालिकेला हे सूत्र गवसले होते. परंतु तलाठ्यापेक्षा शेवंता अधिक प्रेक्षणीय असल्यामुळे ते तिने लवकरच सोडून दिले.

तलाठ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की दूरचित्रवाणीवरील मराठी गावात हा गृहस्थ जवळजवळ आढळत नाही. ग्रामसेवक आढळत नाही, विकास सोसायटीचा सचिव आढळत नाही, दूध संकलन केंद्रावर फॅट लावणारा मुलगा आढळत नाही, ऊसतोड कामगारांची खोपटी आढळत नाहीत, एस.टी.ची वाट पाहत झाडाखाली बसलेली माणसे आढळत नाहीत. आढळतो तो पाटील; आणि तोही असा, की त्याच्या शब्दावाचून गावात पान हलत नाही. मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद महाराष्ट्र शासनाने १९६२च्या कायद्याने रद्द केले, आणि हल्ली गावात जो पोलीस पाटील असतो तो शासनाने नेमलेला, मानधनावर काम करणारा मनुष्य असतो. कोकणातील खोती तर १९४९च्याच कायद्याने संपुष्टात आली. मालिकांतील वाड्यांवर मात्र हे कायदे अद्याप पोहोचलेले दिसत नाहीत. तेथे आजही कोणी कोट्यधीश जमीनदार झोपाळ्यावर बसून निवाडे देतो, गडी हात जोडून उभे असतात, आणि कुळकायदा, कमाल जमीनधारणा, पंचायत राज्य हे सारे जणू दुसऱ्या एखाद्या राज्यात झाले. मुलुखाची विटंबना केवळ त्याला भुते चिकटविल्याने होते असे नाही; त्याचा इतिहास पन्नास-साठ वर्षे मागे सारल्यानेही ती होते, आणि ही दुसरी विटंबना कोणाच्या ध्यानातही येत नसल्यामुळे तिच्याविरुद्ध निवेदन देण्यास कोणी जात नाही.

कोल्हापूरची कथा थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेने २०१६ पासून चार वर्षांहून अधिक काळ कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातून राणादा नावाचा साधाभोळा पैलवान घरोघर पोहोचविला, आणि ‘चालतंय की’ हे दोन शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसविले. तालमींचे वैभव कोल्हापुरात आहेच; शाहू महाराजांनी बांधविलेले खासबागेचे मैदान आजही त्याची साक्ष देते. पण त्याच महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला, आणि त्याला शंभर वर्षे होत असताना त्यांच्या राजधानीचा प्रतिनिधी म्हणून शाळेपेक्षा लाल मातीतच रमणारा, शिक्षिका असलेल्या पत्नीपुढे बुजणारा नायक महाराष्ट्रासमोर ठेवला गेला, यातील विसंगती लेखकांना खुपली नाही. उद्यमनगरातील ओतकामाच्या भट्ट्या, इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी, यांपैकी कशालाच तांबडा-पांढरा रस्सा आणि लाल माती यांच्याशेजारी जागा मिळाली नाही.

नागपूरच्या बाबतीत प्रकार थोडा निराळा, आणि मला वाटते अधिक अन्यायाचा झाला. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतील राधिका सुभेदार ही नागपूरकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी मुंबईच्या बाजूस आलेली, आणि तिच्या बोलण्यावरून व राहणीवरून हिणवली जाणारी. पुढे ती मसाल्यांचा व्यवसाय काढून सर्वांना पुरून उरते, हे खरे. पण तिचे गावंढळपण दाखविण्यासाठी जे साधन वापरले गेले ते तिचे गाव आणि तिची बोली हेच. त्या बोलीस सर्रास वऱ्हाडी म्हटले गेले. आता वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा प्रदेश. तो निजामाचा मुलूख, १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेलेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडला गेलेला. नागपूर ही भोसल्यांची राजधानी. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर ती मध्य प्रांताची राजधानी झाली, आणि १९५६ पर्यंत जबलपूर-रायपूरसह एका विस्तीर्ण हिंदी-मराठी प्रांताचा कारभार तेथून चालला. उच्च न्यायालयाचे वकील, विद्यापीठाचे प्राध्यापक, कापड गिरण्यांचे कामगार, कोष्टी, हलबा आणि छत्तिसगढी मजूर अशा नानाविध लोकांच्या वावरातून जी नागपुरी बोली घडली, तिच्यात आणि अकोल्याच्या शेतकऱ्याच्या वऱ्हाडीत स्वरापासून शब्दापर्यंत अंतर आहे, आणि हे अंतर कोणाही वैदर्भीयाच्या कानास तत्काळ जाणवते. मुंबईच्या लेखकाने ‘अवो’, ‘बाप्पा’ आणि ‘करून राहिली’ एवढ्या सामग्रीवर दोन्ही प्रदेश एकाच मापाने भागविले. एका राज्याची राजधानी राहिलेल्या शहराच्या वाट्यास मराठी दूरचित्रवाणीने विनोदी बोलणारी मावशी आणि भोळी सून एवढीच पदे ठेवली आहेत. विदर्भाच्या मनात मुंबई-पुण्याविषयी जी अढी आहे तिची कारणे शोधणाऱ्या अभ्यासकांनी सिंचनाच्या अनुशेषाबरोबर हाही अनुशेष मोजावा, असे मी गंभीरपणे सुचवितो.

बोलीची ही कथा मालवणीतही अशीच घडते, परंतु तेथे थोडा पूर्वेतिहास आहे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली गिरणगावातून थेट प्रतिष्ठित नाट्यगृहांत नेली. हा त्या बोलीचा मोठाच सन्मान होता. मात्र त्या दिवसापासून मालवणी म्हणजे हमखास हशा असे समीकरण रूढ झाले, आणि मालवणी मनुष्य रागावतो, रडतो, कर्ज काढतो, मुलाला शिकवतो तेव्हाही तो त्याच बोलीत बोलतो, याचा विसर पडला. मालिकेच्या सोयीसाठी तर ती बोली आणखी पातळ करावी लागते. नाशिकच्या व लातूरच्या प्रेक्षकाला समजले पाहिजे म्हणून वाक्य प्रमाण मराठीचे ठेवावयाचे आणि त्यास ‘माका-तुका’ची, ‘खंय’ची झालर लावावयाची. याउलट ‘लागिरं झालं जी’ या मालिकेत साताऱ्याची बोली पुष्कळ अस्सल वाटली, त्याचे कारण अगदी साधे होते. तिचे लेखक तेजपाल वाघ आणि तिच्यातील बरेचसे कलावंत त्याच मातीतले होते. तिच्यातही नेमणूक होतीच, साताऱ्यास फौजीच दिला होता. परंतु ज्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द सरकारी कागदोपत्रीही लागतो, तेथे ही नेमणूक कोणी अपमानाची मानली नाही.

त्याच सातारा जिल्ह्यातील वाईची अवस्था मात्र पाहण्यासारखी आहे. कृष्णेचे घाट, रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती, आणि नदीच्या वरच्या अंगास मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा, एवढे ऐश्वर्य एका ठिकाणी असल्यामुळे चित्रपटवाल्यांची या गावावर फार दिवसांपासून मर्जी आहे. ‘गंगाजल’मध्ये हा परिसर बिहार झाला, ‘स्वदेस’मध्ये मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातील चरणपूर झाला, ‘दबंग’मध्ये तो पुन्हा उत्तर प्रदेशच झाला. मेणवलीच्या घाटावरील देवळापाशी जी थोरली घंटा टांगलेली आहे ती मुळात पोर्तुगिजांच्या चर्चमधील. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर मराठ्यांच्या हाती ज्या घंटा आल्या त्यांपैकी ती एक, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती जवळ जाऊन पाहणाऱ्यास आजही स्पष्ट दिसते. महादेवाच्या घाटावर मेरीची घंटा, हे दृश्य त्या चरणपुरात कसे आले असा प्रश्न चित्रपट पाहणाऱ्या कोट्यवधी प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना पडला असेल. आणि दूरचित्रवाणीमुळे वाईचे स्वतःचे नाव चर्चेत यावयाची पाळी आली, ती कशाच्या निमित्ताने? तर त्या परिसरात उघडकीस आलेल्या, एका तोतया वैद्याच्या भीषण हत्यासत्रावर बेतलेली म्हणून गाजलेल्या ‘देवमाणूस’ या मालिकेच्या. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा ज्या गावात आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जेथे बसून मराठी विश्वकोशाची उभारणी केली आणि १९७६ पासून ज्याचे जाडजूड खंड तेथून महाराष्ट्रभर जात राहिले, त्या गावाची दूरचित्रवाणीवरील ओळख त्या तोतया वैद्यापुरती उरावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्याइतका क्षुल्लक नाही.

हे असे का होते, याचे उत्तर कोणाच्या दुष्टपणात शोधू नये. ते हिशेबाच्या वहीत आहे. दैनंदिन मालिकेचे आठवड्यास सहा भाग लागतात. एका दिवसात सुमारे एका भागाचे, म्हणजे वीस-बावीस मिनिटांचे, चित्रीकरण हातावेगळे झाले नाही तर निर्माता बुडतो. त्यामुळे प्रत्यक्ष गावातील चित्रीकरण आरंभीच्या काही भागांपुरते, किंवा एका वाड्याच्या चार भिंतींपुरते होते, आणि पुढले गाव गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, मढ बेटावर, नाही तर ठाण्याच्या घोडबंदर मार्गावरील गोदामवजा स्टुडिओत प्लायवुडचे उभे राहते. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे हाती पडतात, आणि ज्या पात्रामुळे आकडा चढला ते पात्र वाढते, ज्यामुळे तो उतरला ते प्रवासास जाते किंवा मरते. या घाईत मुलुखाचा अभ्यास करण्यास फुरसत कोणाला? एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्रात चित्रीकरणावर बंदी आली, तेव्हा कित्येक मालिकांची बिऱ्हाडे रातोरात गोवा, दमण-सिल्वासा, हैदराबाद अशी पांगली. पुण्या-मुंबईची घराणी गोव्यातील बंगल्यांत राहू लागली, मडगावच्या रवींद्र भवनात चाललेल्या एका चित्रीकरणाविरुद्ध निदर्शने झाली, आणि मे महिन्यात तेथील सरकारने परवानग्या काढून घेतल्यावर हे संसार पुन्हा हलले. कथानकाला त्यामुळे तसूभरही बाध आला नाही. घर कोठेही नेले तरी चालते, कारण मुळात ते कोठलेच नव्हते.

चित्रनगरीचा उल्लेख आला म्हणून मुंबईविषयीही दोन शब्द लिहितो. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या हिंदी मालिकेतील गोकुळधाम सोसायटी २००८ पासून गोरेगाव पूर्वेस वसलेली आहे असे आपण मानतो. एकेका सदनिकेत एकेक प्रांत, सर्व सण सर्वांचे, भांडणे वीस मिनिटांत मिटणारी. ज्या शहरात आहारावरून घर नाकारले जाते तेथे हे चित्र मनोहारी वाटले तर नवल नाही. त्यात मराठी माणसास मिळालेले पद शिस्तप्रिय, काटकसरी शिकवणीमास्तर आत्माराम भिडे यांचे. मार्च २०२० मध्ये या मालिकेतील एका पात्राने मुंबईची भाषा हिंदी आहे असे उद्गार काढले, त्यावर महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने आक्षेप घेतला, आणि निर्माते असितकुमार मोदी यांनी क्षमा मागितली. गदारोळ झाला तो भाषेवरून. ज्या चित्रनगरीत हे गोकुळधाम उभे आहे ती राज्य शासनाने १९७७ साली आरेच्या जंगलाच्या कडेला वसविली, तिच्या आसपास वारली आदिवासींचे पाडे आहेत, आणि चित्रीकरणाच्या मंडपांत मधूनमधून बिबट्या शिरतो, या मूळच्या गोरेगावाला कोणत्याच पक्षाने वाचा फोडली नाही.

हा रोग केवळ मराठीचा किंवा आपल्या देशाचाही नव्हे. ‘होमलँड’ या अमेरिकन मालिकेने २०१२ साली बैरूतमधील हमरा हा उपाहारगृहांनी गजबजलेला रस्ता बंदूकधाऱ्यांचा अड्डा म्हणून दाखविला, चित्रीकरण केले ते इस्रायलमध्ये, आणि लेबाननच्या पर्यटनमंत्र्यांनी दाव्याची भाषा केली. तिच्याच २०१५च्या पर्वात निर्वासितांच्या छावणीच्या देखाव्यासाठी भिंतींवर अरबी मजकूर लिहावयास कलावंत बोलावले, तर त्यांनी ‘होमलँड वर्णद्वेषी आहे’ असे सरळ लिहून ठेवले. ते तसेच प्रक्षेपित झाले, कारण चित्रीकरण करणाऱ्यांपैकी कोणालाही ती लिपी वाचता येत नव्हती. आपल्याकडे ‘मिर्झापूर’ या मालिकेविरुद्ध तेथील खासदार अनुप्रिया पटेल यांनी २०२० मध्ये चौकशीची मागणी केली, आणि २०२१च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने एका याचिकेवरून निर्मात्यांना नोटीस काढली. गालिचे, पितळी भांडी आणि विंध्यवासिनीचे देवस्थान यांसाठी ओळखला जाणारा हा जिल्हा. भारतीय प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून ठरते ते याच्याजवळून जाते, म्हणजे देशातील यच्चयावत घड्याळे एका अर्थी मिर्झापूरच्या वेळेवर चालतात. पण तरुण पिढीस ते नाव उच्चारताच कट्टा आठवतो.

कायद्याने यावर इलाज होईल असे मला वाटत नाही, आणि व्हावा अशी इच्छाही नाही. कथेच्या परवानगीसाठी ग्रामसभेचा दाखला लागू लागला तर चांगल्या कथाही मरतील. प्रत्येक भागाच्या आरंभी पात्रे व प्रसंग काल्पनिक असल्याची ग्वाही दिली जाते. तीत स्थळाचा उल्लेखही घालून गावाची जबाबदारी झटकणे फारसे अवघड नाही. त्यापेक्षा वाहिन्यांकडे दोन गोष्टी मागाव्यात. ज्या मुलुखाची कथा त्याच मुलुखातील एक तरी मनुष्य लेखनाच्या मेजावर असावा, केवळ उच्चार शिकवावयास नव्हे, तर ‘असे आमच्याकडे घडत नाही’ हे सांगावयास. आणि भागाच्या अखेरीस श्रेयनामावलीत चित्रीकरण प्रत्यक्ष कोठे झाले त्या गावाचे नाव ठळक अक्षरांत द्यावे. दोहोंस मिळून एका दिवसाच्या चित्रीकरणाइतकाही खर्च यावयाचा नाही.

वाचकांपैकी जे मालिकेतला वाडा पाहण्याच्या हौसेने आकेरीस जातात, आणि असे लोक पुष्कळ आहेत, त्यांना एवढेच सांगावयाचे, की वाड्यासमोर उभे राहून छायाचित्र काढून झाल्यावर गावातील रामेश्वराचे देवालय पाहिल्याखेरीज परतू नये. कार्तिकी पौर्णिमेनंतर त्या बाजूच्या गावोगाव जत्रा सुरू होतात. त्या सुमारास गेल्यास कोणत्याही गावच्या जत्रेत मुक्काम करावा. मध्यरात्रीच्या आगेमागे देवळासमोर पेटी आणि पखवाज यांच्या साथीने दशावतार उभा राहतो, राजे आणि राक्षस पाठ न केलेले संवाद तेथल्या तेथे रचीत पहाटेपर्यंत झुंजतात, आणि उजाडता उजाडता दहीकाला होऊन मंडळी घरोघर जातात. त्याला तिकीट नाही, आणि गावातील लोक पाहुण्यास बसावयास जागा करून देतात.